आरशात दिसेल अशी

ट्रेलर मागे घेताना नवराबायकोची जी भांडणं होतात, त्यातली निम्मी तरी पुढे वकिलाकडे जात असणार, असं ऑर्विल स्टब्ज यांचं पक्कं मत होतं. असं मत बाळगण्याचा त्यांना हक्कही होता. थंडी सुरू झाली की ते आपली जुनी व्हॅन आणि एका डोळ्याने अधू झालेलं कुत्रं घेऊन या लाल खडकांच्या उद्यानात येत आणि दुपार कलली की घडीची खुर्ची रस्त्याकडे तोंड करून मांडत. नवी मंडळी त्याच सुमाराला येतात. रस्ता अरुंद, दोन्ही अंगांना खडक, आणि त्यातून गाडीला जोडलेला तीस फुटी राहायचा ट्रेलर उलटा आत घालायचा. नवरा खिडकीतून मान काढून ओरडतो, बायको मागून ओरडते, डावं म्हणजे कुणाचं डावं यावरून एकमेकांचे आईबाप काढले जातात. बाकीचे मुक्कामवाले हातात बिअर घेऊन शहाजोगपणे बघत बसतात. हा इथला जुना रिवाज आहे आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. ऑर्विल तर दहापैकी गुण द्यायचे. चारच्या वर सहसा कुणी जात नसे.

गुरुवारी दुपारी वेंडेल आणि लॉर्ना हास्किन्स आले. एल्कोहून आले होते, म्हणजे अख्खा नेवाडा उभा उतरून. लॉर्ना पिकअपमधून उतरली, ट्रेलरच्या मागे जाऊन जरा डावीकडे उभी राहिली, वेंडेलच्या आरशात दिसेल अशी. तिने दोन्ही हात वर केले. मग हात जसे हलले तसा ट्रेलर हलला. उजवा तळवा वळला की मागचा भाग उजवीकडे वळे, तळवे सरळ झाले की सरळ होई. दोघांपैकी कुणी हूं की चूं केलं नाही. मागच्या खांबाला टेकायला वीतभर उरलं तेव्हा तिने मूठ वर केली आणि चाकं थांबली.

"दहा," ऑर्विल खुर्चीतूनच म्हणाले. "लग्नाला किती वर्षं झाली?"

चौतीस, वेंडेलने सांगितलं.

"दिसतंच आहे. तोंडातून एक शब्द नाही. याला म्हणायचं संसार."

वेंडेल हसला. हसायची वेळ आहे हे ओळखून लॉर्नानेही ओठ हलवले. हा संसार रविवारी संपायचा होता, पण ते ऑर्विलना सांगायचं काही कारण नव्हतं.

जानेवारीत एका संध्याकाळी सूप पिता पिता वेंडेलने विषय काढला होता. त्याची बहीण ओरेगनमध्ये समुद्राकाठी राहायची, नवरा वारल्यापासून एकटी. तिच्या आवारात ट्रेलर उभा करायला जागा होती. तिकडे जाऊन राहावं म्हणतो, तो म्हणाला. दुसरी बाई नव्हती, दारू नव्हती, भांडण नव्हतं. जन्मभर रस्त्यावरचं बर्फ ढकलण्याचं काम केलेला माणूस तो, सगळं तसंच सावकाश आणि सरळ रेषेत सांगत होता.

"या घरात आपण दोन भाडेकरू असल्यासारखे राहतो, लॉर्ना. मी तुला दोष देत नाही. पण मीही माणूस आहे." मग चमचा खाली ठेवून तो म्हणाला, "तू नको म्हणालीस तर नाही जाणार. एकदाच म्हण, मी परत हा विषय काढणार नाही. पण म्हणायला तुलाच लागेल, आणि मी निघायच्या आत. गाडी एकदा रस्त्याला लागली की मग मागे बोलावू नकोस. तेवढं मला झेपायचं नाही."

लॉर्नाने आत शोधलं. बाईने पर्समध्ये किल्ली शोधावी तसं, सगळे कप्पे उघडून शोधलं. काही हाताला लागलं नाही.

"सूप गार होतंय," ती म्हणाली.

ती अशी नव्हती. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला असताना तिचं हसणं बाहेर मैदानापर्यंत ऐकू यायचं, म्हणे. पण तिची आई शेवटची काही वर्षं यांच्याच घरी अंथरुणाला खिळून होती. नोकरी सांभाळून लॉर्नाने तिचं सगळं केलं, हगणंमुतणंसुद्धा, आणि कधी कुरकुर केली नाही. आई गेली त्या दिवशी तिने चादरी धुतल्या, वाळत घातल्या, रात्री बटाटे सोलले. रडू आलं नाही. येईल सावकाश, असं सगळे म्हणाले. ते आलं नाहीच, उलट बाकीचंही सगळं घेऊन गेलं. दात काढायला सुई दिली की गाल जसा आपला असून आपला नसतो, तसं तिचं सगळंच झालं होतं. वेंडेलने दोन वर्षं वाट पाहिली. माणसाने आणखी किती पाहायची?

या उद्यानातली जागा मिळवायची तर जवळपास वर्षभर आधी, नोंदणी उघडते त्या सकाळी, हात धुऊन मागे लागावं लागतं. वेंडेलने ती मिळवली तेव्हा ओरेगनचा विषय निघालेला नव्हता. अशी मिळालेली जागा कुणी सोडत नाही, संसार मोडायचा असला तरी नाही. तेव्हा ठरलं असं, की चार दिवस दोघांनी इथे राहायचं. रविवारी वेंडेलने इथूनच ट्रेलर घेऊन उत्तरेला निघायचं, आणि लेकीने, पॉलाने, लास वेगासहून येऊन आईला एल्कोच्या घरी नेऊन सोडायचं. पॉला फोनवर आधी ओरडली, मग रडली. तिची समजूत लॉर्नानेच घातली, कोरड्या डोळ्यांनी.

आता हातांच्या खुणांचं सांगायला हवं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी एक जुनापुराणा ट्रेलर घेतला होता आणि पहिल्याच मुक्कामी वेंडेलने तो मागे घेताना सिमेंटचं जेवणाचं टेबल मोडलं होतं. ती म्हणत होती मी थांब म्हणाले, तो म्हणत होता मला ये ऐकू आलं. त्या रात्री तो पिकअपमध्ये झोपला. सकाळी कॉफी पिताना दोघांनी कायदा केला. ट्रेलर हलत असताना तोंड वापरायचं नाही, हात वापरायचे. ती आरशात दिसली नाही की त्याने थांबायचं. तिने मूठ वर केली की थांबायचं, आणि का ते विचारायचं नाही. निघताना तिने मागे उभं राहून दिवे तपासायचे, आणि तिचा अंगठा वर झाल्याशिवाय त्याने चाक हलवायचं नाही. हा कायदा त्यानंतर एकदाही मोडला नव्हता. लग्नात घेतलेल्या बाकीच्या शपथांबद्दल इतकं छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

शुक्रवारी दोघं कोरड्या ओढ्यातून लांबवर चालत गेले. खडक सकाळी गुलाबी होते, परतताना विटकरी. वरच्या कड्यावर रानमेंढे उभे होते, गोल वळलेल्या शिंगांचे, खालच्या माणसांकडे तुच्छतेने बघत. वेंडेलने तिच्या कोपराला हात लावून दाखवले. तिने पाहिले. छान आहेत, असं ती म्हणाली आणि ते खरंच छान होते, तिला ते ठाऊकही होतं. ठाऊक असणं आणि वाटणं यांच्यामध्ये कुठेतरी तार तुटली होती, त्याला ती काय करणार?

शनिवारी वेंडेलने ट्रेलरमधली कपाटं रिकामी केली. तिचे कपडे घड्या घालून बॅगेत ठेवले. दोन मगांपैकी निळा कुणाचा हे त्याने विचारलं, जसं काही त्याला माहीत नव्हतं. मग तो घरच्या गोष्टी सांगत बसला. घर गरम ठेवणाऱ्या तळघरातल्या भट्टीची जाळी कधी बदलायची, मागच्या नळाला थंडीत काय गुंडाळायचं, गटार तुंबलं तर डनिंगच्या पोराला बोलवायचं, त्याच्या बापाला नाही. लॉर्ना मान डोलावत राहिली. बोलता बोलता तो मधेच थांबे, तिच्याकडे बघे, आणि मग पुढची गोष्ट सांगे.

संध्याकाळी ऑर्विल जेवायला आले, कुत्र्यासकट. लॉर्नाने बीडाच्या भांड्यात बीन्स शिजवले होते, मक्याची पोळी केली होती, आणि निखाऱ्यांवर पीचचा केक. ऑर्विलनी तिघांपुरतं खाल्लं आणि ते तिघांपुरतं बोलले. त्यांची बायको बारा वर्षांपूर्वी वारली होती. तिला दिशांचं काही कळायचं नाही, ते म्हणाले. एकदा तिने मला थेट ओढ्यात घातलं. मी तिला शून्य दिलं होतं, ती आठवडाभर बोलली नाही.

"तू नशीबवान आहेस, बाबा," ते वेंडेलला म्हणाले. "स्टिअरिंगवर कुणीही बसतं. मागे उभं राहणारं माणूस मिळायला पुण्याई लागते."

वेंडेलने बशीकडे पाहिलं. ऑर्विल कुत्र्याला पोळीचा तुकडा देऊन आपल्या व्हॅनकडे गेले, तेव्हा खडकांच्या माथ्यावर अजून ऊन होतं. निखारे धुमसत होते. वेंडेल बराच वेळ काडीने ते हलवत बसला.

"लॉर्ना," तो म्हणाला, "काही म्हणायचंय का?"

तिने परत शोधलं, अगदी प्रामाणिकपणे. एक शब्द होता, तो तिला माहीत होता, तो उच्चारायला जिभेला काही कष्ट नव्हते. पण त्याच्यामागे काहीच नव्हतं. आत काही हलत नसताना तो शब्द म्हणणं म्हणजे या माणसाला फसवणं, असं तिला वाटलं. लॉर्ना खरं बोलणारी बाई होती. खरेपणाचं असं खूळ काही माणसांच्या डोक्यात असतं, आणि इतर कुठल्याही व्यसनाइतकंच ते घर बुडवतं.

"बीन्सला मीठ कमी पडलं," ती म्हणाली.

वेंडेलने मान हलवली. "नाही," तो म्हणाला. "बरोबर झाले होते."

रविवारी सकाळी त्याने ट्रेलरच्या दारापुढचं कापडी छत गुंडाळलं, पाण्याची नळी सोडवून वेटोळं केलं, चाकांखालचे पिवळे ठोकळे काढून पेटीत टाकले. लॉर्नाने पायरी आत ढकलली, खिडक्या लावल्या, दार ओढून पाहिलं. मग तो पिकअप मागे घेऊ लागला आणि ती ट्रेलरच्या दांड्यापाशी उभी राहिली. थोडा डावीकडे, आणखी थोडा, सरळ, मूठ. पिकअपचा जोडणीचा गोळा दांड्याच्या बरोबर खाली आला. साखळ्या त्याने लावल्या, दिव्यांची वायर तिने लावली. आपली बॅग तिने आधीच बाहेरच्या टेबलावर ठेवली होती.

निरोप टेबलापाशीच झाला. त्याने तिचे दोन्ही खांदे धरले. पोचलास की पॉलाला कळव, ती म्हणाली. पाणी पीत जा, तो म्हणाला, तू दिवसच्या दिवस पाणी पीत नाहीस. त्याचे हात तिच्या खांद्यांवर जरा जास्त वेळ राहिले, आणि ते उचलले गेले तेव्हाही तिला फक्त वजन गेल्याचं कळलं. तो गाडीत चढला.

ती मागे गेली, डावीकडे, आरशात दिसेल अशी. तिथून तिलाही त्याचा चेहरा दिसे, हाताच्या तळव्याएवढा. डावा दिवा लुकलुकला. उजवा लुकलुकला. मग ब्रेकचे दोन्ही लाल दिवे लागले. सगळं ठीक होतं. आता अंगठा वर करायचा होता.

हात उचलला जाईना. तिला स्वतःलाच नवल वाटलं. दुखत नव्हता, आखडला नव्हता, नुसता मांडीला लागून लोंबत होता. वेंडेल आरशातून बघत राहिला. तिला दिसलं नसेल असं त्याला वाटलं असावं, किंवा तसं काही वाटलं नसेलही. त्याने पुन्हा पहिल्यापासून दिवे लावले. डावा, उजवा, ब्रेक. या वेळी ब्रेकवरचा पाय त्याने काढलाच नाही. ते दोन लाल दिवे तिच्यासमोर तसेच जळत राहिले.

लॉर्ना दोष शोधू लागली. एखादा दिवा मंद आहे का, टायर बसलाय का, पायरी बाहेर राहिली का. एखादी गोष्ट चुकलेली असती तर मूठ वर करता आली असती. पण चौतीस वर्षं जे एकही गोष्ट विसरले नाहीत त्यांच्या ट्रेलरला दोष कुठला असायला? थांबवायला काही कारण सापडेना. आणि कारण नसताना माणसाला ताटकळत ठेवणं बरं नव्हे.

तिने अंगठा वर केला.

आरशातला चेहरा आणखी क्षणभर तिच्याकडे होता. मग लाल दिवे विझले आणि चाकं फिरली. ट्रेलर खडकांमधून सावकाश बाहेर पडला, वळणावर त्याचा डावा दिवा नियमाप्रमाणे लुकलुकला, आणि मागे थोडी तांबडी धूळ राहिली.

ऑर्विल खुर्चीतून अर्धवट उठले होते. "अहो बाई," ते म्हणाले, "तो तुम्हाला विसरून गेला की काय?"

"नाही," लॉर्ना म्हणाली. "विसरला नाही."

ऑर्विलनी टेबलावरच्या बॅगेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ते पुन्हा खाली बसले आणि कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवू लागले. या वेळी त्यांनी गुण दिले नाहीत.

पॉला कधीच वेळेवर येत नसे, आणि या दरीत फोनलाही रेंज नव्हती. लॉर्ना बाकावर बसून राहिली. ट्रेलर जिथे होता तिथे चाकांचे चार खळगे होते आणि छताखालची जमीन बाकीच्यापेक्षा थोडी गडद दिसत होती. एक डोमकावळा येऊन मक्याच्या पोळीचे तुकडे उचलून गेला. ती पाणी प्यायली, कारण तसं सांगितलेलं होतं.

पुढच्या पाळीची मंडळी वेळेच्या आधीच आली. कोवळं जोडपं होतं, नवा कोरा ट्रेलर, त्यावर दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली. पोरगी उतरून आली. तिचं नाव मारिसोल. घाई केल्याबद्दल माफी मागायला लागली. लॉर्नाने सांगितलं, माझी लेक येईपर्यंत मी इथे कोपऱ्यात बसते, तुम्ही या आत. मग त्यांचा तमाशा सुरू झाला.

"डावीकडे, ट्रेंट! अरे डावीकडे!"

"माझ्या डावीकडे की तुझ्या?"

"जगाच्या डावीकडे!"

ट्रेंट खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आला होता. मारिसोल ट्रेलरच्या पार मागे, मधोमध उभी राहून दोन्ही हात वाऱ्यावर हलवत होती. तिथून ती कुठल्याच आरशात दिसणं शक्य नव्हतं. ट्रेलरचा मागचा कोपरा खडकाकडे निघाला होता. ऑर्विलनी पेला खाली ठेवला. "एक," ते पुटपुटले, "तोही माझ्या चांगुलपणामुळे."

लॉर्ना उठली. उठायचं असं तिने ठरवलं नव्हतं, पायच गेले. तिने मारिसोलला हाताने बाजूला केलं आणि ती डावीकडे जाऊन उभी राहिली, जिथे तासाभरापूर्वी उभी होती तिथेच. आरशात एक घामेजलेला, घाबरलेला चेहरा आला. त्याला ती दिसली. तिने दोन्ही हात वर केले, तळवे पुढे, गप्प. पोरगं शहाणं होतं, तेही गप्प झालं. तिने त्याला आधी थोडं पुढे जायला लावलं, मग तळवा वळवला. ट्रेलर वळला. सरळ. सरळ. खळग्यांमध्ये चाकं हलकेच उतरली, मागचा खांब जवळ आला, वीतभर उरलं.

तिने मूठ वर केली. ट्रेंट थांबला.

जागच्या जागी थांबला. का ते विचारलं नाही, कारण मागितलं नाही. तिच्या आत काय आहे आणि काय नाही, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. मूठ दिसली, तो थांबला. लॉर्ना त्या मुठीकडे बघत राहिली. इतकंच होतं तर. मूठ वर करायला आधी काही वाटावं लागत नाही, ती फक्त वर करायची असते. ते दोन लाल दिवे तिच्यासमोर जळत होते तेव्हा तिने एवढंच करायला हवं होतं, आणि तो थांबला असता. तो थांबायला तयार होता, जानेवारीपासून तयार होता, ब्रेकवर पाय ठेवून बसला होता.

गालातल्या सुईचा अंमल उतरायला लागला की आधी मुंग्या येतात. तिला त्या बोटांत आल्या, मग मनगटात, मग छातीत, आणि त्यांच्यामागून कळ आली. दोन वर्षांचं सगळं एकदम आलं. आई आली, धुतलेल्या चादरी आल्या, कड्यावरचे मेंढे आले, खांद्यांवरचे हात आले. तिच्या तोंडातून आवाज फुटला तो तिला स्वतःलाही ओळखता आला नाही.

मारिसोल घाबरून जवळ आली. "मावशी, झालं, थांबलाय तो. हात खाली घ्या ना. मावशी?"

हात खाली येईना. लॉर्ना आरशाकडेच बघत होती.

"नको," ती म्हणाली. "नको ना जाऊ."

ट्रेंटने घाईघाईने गाडी बंद केली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "कुठे नाही जात, मावशी," तो म्हणाला. "तुम्ही सांगेपर्यंत हलणारसुद्धा नाही."